पडद्यावरून कॅमेऱ्यामागे : बालनटांच्या दिग्दर्शनाचा आढावा

१९१९ साली दादासाहेब फाळक्यांनी 'कालिया मर्दन' काढला तेव्हा बाळकृष्णाची भूमिका त्यांनी आपल्या मुलीला, मंदाकिनीला, दिली. आणि कथानकाला हात घालण्यापूर्वी, चित्रपटाच्या अगदी आरंभी, तिचा साधा चेहरा प्रेक्षकांपुढे ठेवून, त्यावर एकामागून एक उमटणारे भाव दाखवून, मगच त्या मुलीला कृष्णरूपात पडद्यावर आणले. सहा वर्षांपूर्वीच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये त्यांचा मुलगा भालचंद्र राजपुत्राच्या भूमिकेत होता, म्हणजे आपल्या चित्रपटाचा जन्मच मुळी एका बालनटाला घेऊन झाला. परंतु कथेतील बालक वेगळे आणि ते सोंग घेणारे हाडामांसाचे बालक वेगळे, याची जी उघड नोंद फाळक्यांनी 'कालिया मर्दन'च्या आरंभी करून ठेवली, तशी नोंद करण्याचे अगत्य पुढच्या शतकात जगभरच्या चित्रपटव्यवसायाने फारच थोड्या वेळा दाखवले.

बालनटांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा दोन रीतींनी लिहिले जाते. एक रीत स्मरणरंजनाची: तो गोड चेहरा, ते बोबडे बोल, आणि आता तो कुठे असतो हा कुतूहलाचा प्रश्न. दुसरी रीत शोकांतिकेची: बुडालेली कमाई, व्यसने, विस्मृती. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा, संख्येने लहान पण विचाराला अत्यंत सकस असा वर्ग आहे. ज्या मुलांनी आपले बालपण कॅमेऱ्यापुढे घालवले आणि प्रौढपणी तोच कॅमेरा स्वतःच्या हाती घेतला, आणि त्यातही ज्यांनी कल्पित कथेवर न थांबता अनुबोधपटाकडे, म्हणजे खऱ्या माणसांच्या खऱ्या आयुष्याकडे, मोर्चा वळवला, अशांचा हा वर्ग. या वर्गाचा आढावा घेताना मला एकच कसोटी महत्त्वाची वाटते. लहान मुलाची संमती ही नेहमी दुसऱ्या कोणाची तरी संमती असते. आई हो म्हणते, बाप कागदावर सही करतो, आणि मूल उभे राहते. ज्याला असे उभे केले गेले, तो मोठेपणी दुसऱ्या माणसाला कॅमेऱ्यापुढे उभे करताना काय करतो? त्याची संमती कशी मागतो, मिळाल्यावर तिचा मान कसा राखतो? या दिग्दर्शकांचे श्रेष्ठकनिष्ठत्व माझ्या मते येथे ठरते. पारितोषिकांच्या यादीवरून नव्हे.

प्रश्नाची आर्थिक बाजू प्रथम उरकून घेणे इष्ट, कारण ती जुनी आहे आणि पुष्कळांना ठाऊक आहे. १९२१ साली चार्ली चॅप्लिनच्या 'द किड'मध्ये झळकलेल्या जॅकी कूगन या मुलाने लक्षावधी डॉलर मिळवले. परंतु सज्ञान झाल्यावर त्यातले जवळजवळ काहीच शिल्लक नाही असे दिसून आले, तेव्हा १९३८ साली त्याने आपल्या आईवर आणि सावत्र बापावर फिर्याद गुदरली, आणि बऱ्याच झगड्यानंतर त्याच्या पदरी सव्वा लाख डॉलरच्या आसपास रक्कम पडली. त्यावेळच्या कायद्यान्वये अल्पवयीन मुलाची कमाई ही पालकांचीच मिळकत होती. या प्रकरणाने लोकमत खवळले आणि १९३९ साली कॅलिफोर्निया राज्याने बालनटांच्या उत्पन्नाचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा केला, जो आजही कूगनच्याच नावाने ओळखला जातो. पैशाचा हिशेब असा निदान कागदावर तरी मांडता आला. मुलाच्या भीतीचा, थकव्याचा आणि त्याने गमावलेल्या दुपारींचा हिशेब कोणत्या दफ्तरात मांडायचा, हा प्रश्न मात्र उरला, आणि त्याचे उत्तर न्यायालयाने नव्हे तर पुढे चित्रपटांनी दिले.

या वाटेवरचे सर्वांत सुखी उदाहरण म्हणजे रॉन हॉवर्ड. १९५४ साली ओक्लाहोमा राज्यात, नटाच्या घरात जन्मलेला हा मुलगा १९६० ते १९६८ अशी आठ वर्षे 'द अँडी ग्रिफिथ शो' या दूरचित्रवाणी मालिकेत ओपी नावाच्या मुलाची भूमिका करीत होता. त्याच्या वडिलांनी, म्हणजे रॅन्स हॉवर्ड यांनी, आरंभीच असा आग्रह धरला की मालिकेतला मुलगा बापाला उलट उत्तरे देऊन हशा मिळवणारा आगाऊ पोर नसावा, बापाविषयी आदर बाळगणारा असावा. आणि मुलाच्या मिळकतीवर घर चालवायचे नाही हा दंडकही आईवडिलांनी पाळला. सात वर्षांच्या या मुलाने एकदा तालमीत आपल्या तोंडचे वाक्य बदलण्याची सूचना केली आणि ती मोठ्यांनी स्वीकारली, ही आठवण हॉवर्ड आजही आनंदाने सांगतो. हे लहानसे वाटले तरी लहान नाही. ज्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले असा तो बालनट होता, आणि तेविसाव्या वर्षी, १९७७ साली, निर्माता रॉजर कॉर्मनसाठी त्याने पहिला चित्रपट दिग्दर्शित केला तेव्हा कॅमेऱ्यामागची जागा त्याला परकी वाटली नाही. 'अपोलो १३' (१९९५) आणि दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळवून देणारा 'अ ब्युटिफुल माइंड' (२००१) हे त्याचे चित्रपट सर्वश्रुत आहेत. उतारवयाकडे झुकताना तो अनुबोधपटाकडे वळला. बीटल्सच्या दौऱ्यांवरचा 'एट डेज अ वीक' (२०१६), 'पावारोत्ती' (२०१९), आणि बाहुल्यांचा खेळ दूरचित्रवाणीवर अजरामर करणाऱ्या जिम हेन्सनवरचा चित्रपट (२०२४). यांत कौशल्य आहे, जिव्हाळा आहे. पण नायकाविषयी अडचणीचा प्रश्न विचारण्याची निकड सहसा नाही. अपवाद 'रीबिल्डिंग पॅरडाइज' (२०२०) या चित्रपटाचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅरडाइज हे गाव वणव्यात भस्मसात झाले, ८५ माणसे मेली. त्या गावाच्या पुढच्या वर्षाची ही कथा हॉवर्डने शिक्षक, पोलीस शिपाई आणि घर हरवलेल्या सामान्य कुटुंबांबरोबर राहून सांगितली, आणि कीर्तिमंतांवरच्या त्याच्या अनुबोधपटांहून तीच मला अधिक मोलाची वाटते.

परंतु या संपूर्ण प्रश्नाचा गाभा ज्या एका कारकिर्दीत एकवटला आहे, ती कॅनडाच्या सारा पॉलीची. १९७९ साली टोरांटोत जन्म. आई डायॅन नटी आणि पात्रनिवड करणारी, वडील मायकल मूळचे इंग्रज, तेही एकेकाळचे नट. सहाव्या वर्षाच्या सुमारास साराचे चित्रपटातले काम सुरू झाले, आणि आठ-नऊ वर्षांची असताना टेरी गिल्यमच्या 'द अॅडव्हेंचर्स ऑफ बॅरन मुंचाउझन' (१९८८) या अवाढव्य चित्रपटात तिला प्रमुख बालभूमिका मिळाली. रोमच्या चिनेचित्ता कलागृहात आणि स्पेनमध्ये झालेल्या त्या चित्रीकरणात तिच्याजवळ सुरुंग उडवले गेले, थंड पाण्यात तासन्‌तास बसवले गेले, एका स्फोटानंतर तिला इस्पितळात न्यावे लागले. पुढे प्रौढपणी तिने गिल्यमला पत्र लिहून आपली कैफियत मांडली. गिल्यमचे म्हणणे असे की धोका दिसत होता तेवढा प्रत्यक्षात कधीच नव्हता. हा पत्रव्यवहार प्रसिद्धही झाला. या वादात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की पॉलीने आपल्या स्मृतीलाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. मला आठवते ते तसेच घडले काय, माझे आईवडील तेथेच उभे असताना त्यांनी हे का थांबवले नाही, प्रतिभावंत दिग्दर्शकाला सगळे माफ असते ही समजूत कोणाच्या सोयीची, असे प्रश्न तिने 'रन टुवर्ड्स द डेंजर' (२०२२) या निबंधसंग्रहात उलटसुलट तपासले आहेत. फिर्यादीने स्वतःचीच उलटतपासणी घ्यावी असा हा प्रकार आहे, आणि तिच्या चित्रपटांची रीतही हीच.

१९९० च्या जानेवारीत, साराचा अकरावा वाढदिवस ज्या आठवड्यात होता त्याच आठवड्यात, आई कर्करोगाने गेली. त्याच वर्षी 'रोड टु अॅव्हनली' ही मालिका सुरू झाली आणि तीत मातृहीन मुलीची भूमिका करीत ही खरोखर मातृहीन झालेली मुलगी अवघ्या कॅनडाची लाडकी बनली. त्या मालिकेशी तिचे पटले नाही. आखाती युद्धाच्या काळात एका समारंभात तिने शांततेचे चिन्ह छातीवर लावले, ते काढण्याची सूचना मालिकेच्या अमेरिकन भागीदार कंपनीकडून आली, आणि या बाराएक वर्षांच्या मुलीने ती साफ नाकारली. पुढे पाठीच्या कण्याची मोठी शस्त्रक्रिया, शाळेला रामराम, डाव्या चळवळीतील दिवस, आणि १९९५ साली टोरांटोतील प्रांतिक विधिमंडळासमोरील निदर्शनात पोलिसांच्या माराने पडलेले दात, असा हा प्रवास आहे. अटम इगोयान या दिग्दर्शकाच्या 'द स्वीट हियरआफ्टर' (१९९७) मध्ये, बसच्या अपघातातून वाचलेल्या मुलीच्या भूमिकेत तिने जे संयत काम केले त्याने हॉलिवुडचे दरवाजे उघडले होते. तिने त्या दरवाजातून आत जाण्याऐवजी लघुपट करीत दिग्दर्शनाचे शिक्षण घेतले.

तिचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट 'अवे फ्रॉम हर' (२००६) स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धेची आणि तिच्या पतीची कथा सांगतो. अॅलिस मन्रो यांच्या कथेवर आधारलेला आणि ज्यूली क्रिस्टीच्या अभिनयाने उजळलेला हा चित्रपट सत्तावीस वर्षांच्या मुलीने केला, याचे त्यावेळी सर्वांना नवल वाटले. मला ते तितकेसे वाटत नाही. जी मुलगी लहानपणापासून प्रौढांच्या जगात प्रौढांच्या शिस्तीने वावरली, तिला म्हातारपण परके वाटत नसावे. तिला परके होते ते बालपण.

आणि मग 'स्टोरीज वी टेल' (२०१२) हा अनुबोधपट. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाच्या निर्मितीत तयार झालेला हा चित्रपट एका घरगुती थट्टेतून उगवतो. सारा वडिलांसारखी दिसत नाही, ही घरातली जुनी चेष्टा. तिचा माग काढता काढता तिला कळले की आपला जन्मदाता मायकल नसून माँट्रिअलचा चित्रपटनिर्माता हॅरी गुल्किन आहे, ज्याची आणि आईची भेट १९७८ साली तेथील एका नाटकाच्या निमित्ताने झाली होती. असा विषय हाती आल्यावर सामान्य दिग्दर्शक रहस्यकथा रचील, आईला एकतर दोषी ठरवील नाहीतर तिचे देव्हारे माजवील. पॉलीने वेगळीच तजवीज केली. भाऊ, बहिणी, आईच्या मैत्रिणी, सहकारी नट, दोन्ही वडील, या साऱ्यांना तिने एकेक करून बसवले आणि प्रत्येकाला संपूर्ण हकिगत आरंभापासून, जणू दुसरे कोणी ती सांगणारच नाही अशी, सांगायला लावली. जबान्या जुळत नाहीत. पॉली त्या जुळवायला जात नाही. पहिल्या लग्नातून बाहेर पडलेल्या डायॅनकडून न्यायालयाने दोन मुलांचा ताबा काढून घेतला होता, ही वस्तुस्थिती मध्येच येते आणि तिच्या हसऱ्या स्वभावाखालचा सल एकदम उघडा पडतो.

या चित्रपटातील दोन गोष्टींवर थांबलेच पाहिजे. मायकल पॉली यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेले निवेदन ध्वनिमुद्रणकक्षात उभे राहून वाचत असताना मुलगी त्यांना थांबवते आणि अमुक ओळ पुन्हा वाचा, असे सांगते. पुनःपुन्हा तेच वाक्य म्हणायला लावणे ही लहानपणी तिच्यावर होत आलेली आज्ञा. आज आज्ञा देणारी ती आहे आणि समोर तिचा पिता आहे. हे तिने चित्रपटातून कापून टाकले नाही. आपल्या हाती आलेली सत्ता प्रेक्षकांना स्पष्ट दिसावी म्हणून ते ठेवले. दुसरी गोष्ट जुन्या घरगुती चित्रफितींची. डायॅन नाचते आहे, हसते आहे, अशा ज्या धूसर चित्रफिती आपण खऱ्या समजून पाहत असतो, त्यांतल्या पुष्कळशा नट-नट्या घेऊन नव्याने चित्रित केलेल्या आहेत, हे चित्रपट शेवटाकडे येताना स्वतःच उघड करतो. आईचे सोंग घेतलेली नटी आणि तिला सूचना देणारी सारा एकाच चौकटीत दिसतात. कित्येक टीकाकारांना ही फसवणूक वाटली. मला ती या चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक कृती वाटते, कारण मेलेल्या आईची संमती घेता येत नाही, आणि म्हणून तिचे चित्र हे आपण रचलेले चित्र आहे ही कबुली देणे एवढेच दिग्दर्शिकेच्या हाती उरते. ही हकिगत सांगण्याचा अधिकार फक्त प्रेमात पडलेल्या दोघांना आहे, आणि त्यांतली एक आता नाही, असा आक्षेप खुद्द गुल्किनने घेतला; तोही पॉलीने चित्रपटातच ठेवला आहे. आपल्याविरुद्धचा पुरावा दफ्तरी दाखल करून घेणारा दिग्दर्शक विरळा.

पुढे 'विमेन टॉकिंग' (२०२२) या तिच्या चित्रपटाच्या पटकथेला ऑस्कर मिळाले, ते सर्वांनी वाचले असेल. कमी बोलले गेले ते चित्रीकरणाच्या व्यवस्थेविषयी. बलात्कारपीडित स्त्रियांच्या चर्चेवर आधारलेल्या या चित्रपटासाठी कामाचे तास या धंद्यातील रीतीहून मर्यादित ठेवले होते आणि मानसोपचाराची मदत चित्रीकरणस्थळी उपलब्ध होती. रोमच्या त्या थंड पाण्यात बसलेल्या मुलीने मोठेपणी केलेली सुधारणा ती हीच.

पॉलीच्या शेजारी उभी राहू शकेल अशी आशियातील कारकीर्द इराणच्या समीरा मखमलबाफची. वडील मोहसेन मखमलबाफ यांच्या 'द सायकलिस्ट'मध्ये तिने लहानपणी काम केले, शाळा सोडून घरातच वडिलांच्या हाताखाली चित्रपटकला शिकली आणि सतरा-अठराव्या वर्षी 'द अॅपल' (१९९८) घेऊन कानच्या महोत्सवात पोहोचली. तेहरानमधील एका गरीब, वृद्ध पित्याने आपल्या दोन मुलींना जन्मापासून घराबाहेर पडू दिले नव्हते. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून सरकारी खात्याने त्यांची सुटका केली. समीराने ही हकिगत त्याच कुटुंबाकडून, त्याच गल्लीत, पुन्हा करवून घेतली. अनुबोधपट आणि कथापट यांच्या सीमेवरचा हा चित्रपट बापाला राक्षस ठरवत नाही, आणि ही त्याची थोरवी. पण ज्या मुलींना धड बोलता येत नव्हते त्यांनी होकार तो काय दिला असेल, हा प्रश्न मला त्यातून सोडत नाही. त्याचे उत्तर, काहीसे कठोर, तिच्याच घरातून आले. समीरा काबूलमध्ये चित्रपटाची तयारी करीत असताना तिची धाकटी बहीण हना, वय अवघे चौदा, छोटा कॅमेरा घेऊन तिच्यामागे फिरत होती. त्यातून झालेल्या 'जॉय ऑफ मॅडनेस' (२००३) मध्ये तालिबानच्या दहशतीतून नुकतेच बाहेर आलेले अफगाण लोक पडद्यावर येण्यास कचरताना दिसतात आणि समीरा त्यांची मनधरणी करते, रागावते, पुन्हा विनवते. एका कुटुंबाला आपल्या तान्ह्या मुलाची धास्ती वाटते. समीराच्या चित्रपटांना जे बक्षिसांचे कौतुक लाभले ते हनाच्या या छोट्या चित्रपटाला लाभले नाही. या प्रश्नाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने मात्र प्रथम तोच पाहावा.

फ्रान्सच्या सांद्रिन बोनेरने पंधरा-सोळाव्या वर्षी मॉरीस पियालाच्या चित्रपटातून पदार्पण केले. तिचा उल्लेख येथे 'एल सापेल साबीन' (२००७) या एकाच अनुबोधपटासाठी करायचा आहे. आपल्या स्वमग्न बहिणीची पंचवीस वर्षांत घरगुती कॅमेऱ्याने टिपलेली चित्रे तिने मनोरुग्णालयातील पाच वर्षांनंतरच्या बहिणीच्या चित्रांशेजारी ठेवली. पियानो वाजवणारी, चपळ, हसरी तरुणी आणि औषधांनी जड झालेली प्रौढ स्त्री, यांतील अंतर एवढाच त्या चित्रपटाचा युक्तिवाद आहे, आणि तो पुरेसा आहे.

अमेरिकेच्या अॅलेक्स विंटरने या वर्गातील मुलांचा प्रश्न प्रत्यक्ष विषय म्हणून हाती घेतला. लहानपणी ब्रॉडवेच्या रंगभूमीवर वाढलेला, पुढे 'बिल अँड टेड'च्या विनोदी चित्रपटांनी लोकप्रिय झालेला हा नट नॅप्स्टर या गाण्यांच्या देवाणघेवाणीच्या इंटरनेट सेवेवरच्या 'डाउनलोडेड' (२०१३) पासून 'पनामा पेपर्स' (२०१८) पर्यंत आधुनिक तंत्र आणि पैसा यांचे अनुबोधपट करीत राहिला. २०१८ साली, बालनट असताना आपल्यावर अत्याचार झाला होता, हे त्याने जाहीरपणे सांगितले; आणि २०२० साली 'शोबिझ किड्स' आला. यात तो स्वतःची हकिगत सांगत बसत नाही; इतर बालनटांसमोर बसून त्यांची ऐकतो. अनुभवी माणसाच्या ऐकण्यात जो विश्वास असतो त्यामुळे बोलणारे मोकळे होतात. मूकपटांच्या काळात 'बेबी पेगी' म्हणून जग जिंकणारी आणि सारी संपत्ती गमावलेली डायॅना सेरा केरी यात शतायुषी वृद्धेच्या रूपात बोलते. तो चित्रपट प्रकाशित झाला त्याच वर्षी, १०१ व्या वर्षी, ती वारली. आणखी थोडा उशीर झाला असता तर ती साक्ष कायमची गेली असती.

आपल्याकडे ही वाट निराळ्या दिशांनी गेली. राजा परांजपे यांच्या 'हा माझा मार्ग एकला'मधून चिमुकल्या वयात आलेले सचिन पिळगांवकर १९८२ च्या 'मायबाप'पासून दिग्दर्शक झाले आणि 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) सारखा अक्षय विनोदाचा ठेवा त्यांनी मराठीला दिला. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणाऱ्या आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई' (१९५३) मधील श्याम, माधव वझे, इंग्रजीचे प्राध्यापक, नाट्यदिग्दर्शक आणि साक्षेपी नाट्यसमीक्षक झाले. कथेकडे, रंगभूमीकडे आपली मुले गेली. स्वतःच्याच बालपणाची जबानी घेणारा, त्या जुन्या कलागृहांत पुन्हा शिरून तेव्हा काय घडत होते ते विचारणारा अनुबोधपट मात्र मराठीच्या मुख्य प्रवाहात रुजला नाही.

आणि आज तर बालनटांची संख्या मालिका, जाहिराती, गाण्याच्या आणि नाचाच्या स्पर्धा यांमुळे कितीतरी वाढली आहे. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर २०१७ साली झालेल्या नियमांप्रमाणे अशा मुलाला दिवसात ५ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग ३ तासांहून अधिक काम देता येत नाही, लागोपाठ २७ दिवसांहून अधिक कामावर आणता येत नाही. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते, मुलाच्या उत्पन्नाच्या किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदतठेवीत भरावी लागते, आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला कामाला लावता येत नाही. ज्या पालकांच्या घरी उद्या करारनाम्याचा कागद येणार असेल त्यांनी सही करण्यापूर्वी हे नियम वाचावेत आणि ठेवीची पावती मागून घ्यावी. आणि पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात अनुबोधपटाचे शिक्षण घेऊन विषय शोधत असलेल्या तरुणांना माझी विनंती अशी की कृष्णधवल काळातील आपले बालनट आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे जावे, त्यांची परवानगी घ्यावी, आणि त्यांच्या तोंडून ती हकिगत सविस्तर मुद्रित करून ठेवावी. हे काम लवकर सुरू व्हायला हवे.